९ आणि २२: डॉ. जॅनेट राउली यांच्या संशोधनाचा एक प्रकरण अभ्यास

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर, झालेल्या रुग्णाच्या फाइलीत गुणसूत्रांच्या तपासणीचा एक कागद असतो. त्यावर शेवटी एक सांकेतिक ओळ असते: आधी टी, मग कंसात ९ आणि २२. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे, एवढाच तिचा अर्थ. निदान या ओळीवर पक्कं होतं, गोळी या ओळीवर सुरू होते. रोजच्या कामात ती इतकी अंगवळणी पडली आहे, की एके काळी ती कुणालाच ठाऊक नव्हती हे लक्षातही येत नाही.

ती पहिल्यांदा वाचली शिकागो विद्यापीठातल्या डॉ. जॅनेट राउली यांनी. साल १९७२. जून १९७३ मध्ये ती 'नेचर'मध्ये छापून आली. तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी अर्धवेळच काम केलं होतं.

राउलींची गोष्ट बहुतेक ठिकाणी 'चार मुलांची आई, जेवणाचं टेबल आणि नशिबाची साथ' अशी सांगितली जाते. टेबल खरं आहे, मुलं खरी आहेत. पण गोष्ट अशी सांगितली की मधली दहा वर्षं गळून जातात, आणि माझ्या मते हे प्रकरण त्या दहा वर्षांचंच आहे. १९६२ ते १९७२ या काळात त्या ल्युकेमियाच्या रुग्णांची गुणसूत्रं बघत होत्या आणि डोळ्यांत भरेल असं फारसं काही हाती लागत नव्हतं. तरी काम बंद पडलं नाही. ते का पडलं नाही, हे पाहण्यासारखं आहे.

तिथवर येईपर्यंत

जन्म १९२५, न्यूयॉर्क. घर लवकरच शिकागोला हललं. पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठाच्या एका खास अभ्यासक्रमात शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. शाळेची शेवटची दोन आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं एकत्र करणारा हा अभ्यासक्रम होता. वैद्यकीय शाखेत मात्र अडलं. ६५ विद्यार्थ्यांच्या वर्गात मुलींसाठी तीनच जागा, आणि त्या भरलेल्या. नऊ महिने थांबून पुढच्या तुकडीत जावं लागलं. १९४८ मध्ये एमडी झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी सहाध्यायी डोनाल्ड राउलींशी लग्न केलं.

पुढची बारा-तेरा वर्षं माता-बाल आरोग्याची केंद्रं, मुलांचे दवाखाने, आठवड्यातून काही दिवस काम. चार मुलगे झाले, आणि धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत आपण पूर्णवेळ काम करायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. यात कुठेही 'करिअर' नाही. पण १९५५ पासून त्या शिकागोतल्या ज्या दवाखान्यात जात, तिथे मतिमंद मुलं येत आणि त्यांत डाउन सिंड्रोमची मुलं असत. १९५९ मध्ये पॅरिसहून बातमी आली, की लज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या मुलांत एक जादा गुणसूत्र सापडलंय. माणसाची गुणसूत्रं ४६ असतात हेच मुळी १९५६ मध्ये पक्कं झालेलं. राउलींना गुणसूत्रांची गोडी लागली ती अशी, दवाखान्याच्या दारातून.

१९६१ मध्ये पतीला ऑक्सफर्डला वर्षभराची अभ्यासरजा मिळाली. नुसतं बरोबर जाण्यापेक्षा काहीतरी शिकावं म्हणून राउलींनी प्रशिक्षणासाठी स्वतंत्र अनुदान मिळवलं, आणि गुणसूत्रं आपली नक्कल केव्हा करतात हे किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक घटक) वापरून पाहायला शिकल्या. परतताना हातात अर्धवट काम होतं आणि ते पुरं करायला जागा नव्हती.

जेकबसन यांनी काय दिलं

त्या लिऑन जेकबसन यांच्याकडे गेल्या. जेकबसन रक्तविकारांतले मोठे नाव. अर्गोन कॅन्सर रिसर्च हॉस्पिटलचे प्रमुख. राउलींची मागणी अशी: अर्धवेळ काम करीन, एक सूक्ष्मदर्शक हवा, अंधारखोली वापरायला हवी, आणि मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार निघेल एवढे पैसे. त्यांना वर्षाला ५,००० डॉलर मिळाले. बदल्यात जेकबसन यांनी सुचवलं, की माझ्या रुग्णांच्या रक्ताची गुणसूत्रंही बघत चला.

हे नीट पाहायला हवं. जेकबसन यांचं हॉस्पिटल अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर चालत होतं. ठोक निधी हाताशी असलेला प्रमुखच असा निर्णय एका भेटीत घेऊ शकतो. दुसरं म्हणजे त्यांनी प्रश्न दिला, मुदत दिली नाही. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: नमुने सतत येत राहतील अशी सोय झाली. ल्युकेमियाचा रुग्ण आजाराच्या सुरुवातीला कसा होता, आजार उसळल्यावर कसा झाला, असे एकाच माणसाचे वेगवेगळ्या वेळचे नमुने राउलींकडे जमत गेले.

आपल्याकडे खंड पडलेल्या महिला वैज्ञानिकांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना दोन दशकांहून जास्त काळ आहे, आणि तिचा अनेकींना उपयोग झालाय. पण त्यातला प्रकल्प तीन वर्षांचा. तीन वर्षांचं माप लावलं असतं, तर राउलींचं काम १९६५ मध्येच 'ठोस निष्कर्ष नाही' असा शेरा मिळून थांबलं असतं. १९६५ मध्ये तो शेरा चुकीचाही ठरला नसता.

निष्कर्ष का निघत नव्हते

दोष बघणाऱ्याचा नव्हता, रंगाचा होता. त्या काळी गुणसूत्र सगळं एकसारखं रंगायचं. वेगळं ओळखायला लांबी आणि मधला आवळलेला भाग कुठे आहे, एवढंच हाताशी. त्यावरून ए ते जी असे सात गट पाडलेले. यातला सी गट म्हणजे डोकेदुखी: ६ ते १२ क्रमांकाच्या जोड्या आणि वर एक्स. पुरुषाच्या पेशीत अशी १५, बाईच्या पेशीत १६ गुणसूत्रं, आणि सगळी जवळपास सारखी. नववं गुणसूत्र याच गर्दीत बसतं. त्याच्या टोकाला थोडं काही जास्तीचं चिकटलंय हे या गर्दीत कळणं अशक्य होतं.

एका जागी मात्र खूण सापडलेली होती. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा बरंच छोटं दिसलं. नॉवेल यांनी पेशी नळाच्या पाण्याने धुतल्या, त्या फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी झाली. त्यातून पुढचं सारं सुरू झालं. त्या छोट्या गुणसूत्राला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. तुकडा तुटून नष्ट झाला असणार, असा सर्वांचा समज. ते २१ की २२ हेही सुरुवातीला सांगता येत नव्हतं. गंमत म्हणजे क्रमांक लांबीनुसार दिलेले असूनही २१ हे २२ पेक्षा लहान आहे. डाउन सिंड्रोमचं गुणसूत्र २१ म्हणून इतकं रूढ झालं होतं, की नंतर कुणी बदललं नाही.

ल्युकेमियाच्या पेशींत गुणसूत्रांचे घोळ दिसत, पण ते रुग्णागणिक वेगळे. त्यामुळे बहुतेक जाणकारांचं मत होतं, की हा घोळ कॅन्सरचा परिणाम आहे, कारण नव्हे. पेशी बिघडली, म्हणून गुणसूत्रंही विस्कटली. राउलींनाही या मताविरुद्ध दाखवण्यासारखं काही मिळत नव्हतं.

मलेरियाचं औषध आणि विझणारा उजेड

१९७० मध्ये पुन्हा पतीची अभ्यासरजा, पुन्हा ऑक्सफर्ड. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये कास्परसन आणि झेख यांनी दाखवलं होतं, की क्विनॅक्रिनने रंगवलेली गुणसूत्रं अतिनील प्रकाशात पट्ट्यापट्ट्यांनी चमकतात आणि प्रत्येक जोडीची पट्ट्यांची नक्षी वेगळी असते. क्विनॅक्रिन हे मूळचं मलेरियाचं औषध. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना ॲटाब्रिन नावाने देत, तेच. राउली हे तंत्र ऑक्सफर्डला शिकल्या आणि शिकागोला घेऊन आल्या. दोन्ही निर्णायक तंत्रं त्यांना पतीच्या रजेच्या वर्षांत मिळाली, याला योगायोग म्हणावं तर म्हणा. पण रजेवर बरोबर गेलेल्या किती बायका प्रयोगशाळेत जाऊन बसल्या असतील?

क्विनॅक्रिनच्या चमकेचं एक दुखणं आहे. प्रकाशाखाली धरलं की ती पाहता पाहता विझते. काचपट्टीकडे निवांत बघत बसता येत नाही. चांगली पसरलेली पेशी दिसली की लगेच फोटो घ्यायचा, फिल्म धुवायची, मोठा छाप काढायचा. मग कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचं, जोड्या लावायच्या, कागदावर क्रमाने मांडायचं. सूक्ष्मदर्शकाचं काम संपलं की उरतं ते कागदाचं, आणि कागद घरी नेता येतात. जेवणाचं टेबल या प्रकरणात येतं ते इथे. मुलं चिडवायची, की आईला कागदी बाहुल्या खेळायचे पैसे मिळतात. कुणी शिंकायचं नाही अशी तंबी असे. छेचाळीस कपटे उडाले की सगळं पहिल्यापासून.

पहिलं यश १९७२ मध्ये. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या दोन रुग्णांत आठव्या गुणसूत्राचा तुकडा कमी होता आणि एकविसाव्यावर तुकडा जास्त होता. दोन्ही रुग्णांत अगदी तसंच. हा शोधनिबंध एका फ्रेंच नियतकालिकात छापून आला आणि फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही.

त्यानंतर सीएमएल. राउली शोधत होत्या वेगळंच. सीएमएल पहिली काही वर्षं संथ चालतो, मग एकदम उसळतो आणि रक्तात कच्च्या पेशींचा पूर येतो. याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. या उसळीच्या वेळी गुणसूत्रांत नवं काय बदलतं, हा त्यांचा प्रश्न. फोटो मांडताना दिसलं, की नवव्या जोडीतल्या एकाच्या टोकाला एक फिकट पट्टा जास्तीचा आहे. हा उसळीचा बदल असावा, असं आधी वाटणं साहजिक होतं. मग त्यांनी संथ टप्प्यातले नमुने काढले. तिथेही तोच पट्टा.

आता रुग्णाचं ते जन्मजात वैशिष्ट्य तर नसेल? म्हणून आजार न झालेल्या पेशी, म्हणजे लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. तिथली नवव्याची जोडी अगदी सरळ होती. म्हणजे बदल फक्त रोगी पेशींत, आणि आजाराच्या सुरुवातीपासून. बाविसाव्यातून जेवढं कमी झालं होतं, साधारण तेवढंच नवव्यावर चढलेलं दिसत होतं. तुकडा नष्ट झालाच नव्हता. दोन आगगाड्यांचे मागचे डबे चुकून एकमेकींना जोडले जावेत, तसा प्रकार झाला होता.

या तपासातली शिस्त मला टेबलापेक्षा जास्त सांगण्यासारखी वाटते. उसळीच्या वेळचा नमुना, त्याआधीचा नमुना आणि निरोगी पेशी, या तिन्ही शेजारी ठेवता आल्या, कारण दहा वर्षांत तशी सवय आणि तसा साठा झालेला होता. नुसतं नवं तंत्र घेऊन आलेल्या माणसाला तो पट्टा दिसला असता, पण त्याचं काय करायचं ते कळलं नसतं.

जो तुकडा दिसला नाही तो

पाठ्यपुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात, पण थोडं थांबायला हवं.

राउलींना दिसला तो बाविसाव्याचा नवव्यावर गेलेला तुकडा. उलट दिशेने, नवव्यावरून बाविसाव्यावर काही गेलं का, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यासारखंच नव्हतं. तो तुकडा फार लहान. अदलाबदल दोन्ही बाजूंनी झाली आहे, हे १९८२ मध्ये रेणूंच्या पातळीवर सिद्ध झालं. नवव्या गुणसूत्रावरचा एबीएल नावाचा जनुक सीएमएलमध्ये बाविसाव्यावर जाऊन बसलेला सापडला. १९८० च्या दशकातच पुढे कळलं, की तिथे तो बीसीआर नावाच्या जनुकाला जोडला जातो आणि दोघांचं मिळून एक नवंच प्रथिन तयार होतं. एबीएल प्रथिन टायरोसिन कायनेज आहे. पेशीला वाढीचा इशारा देणं हे त्याचं काम, आणि एरवी ते लगामात असतं. बीसीआरला चिकटलं की लगाम सुटतो, इशारा अखंड चालू राहतो.

म्हणजे रोग ज्याने होतो तो तुकडा न दिसणारा होता, आणि दिसणाऱ्या तुकड्याने त्याचा पत्ता दिला. ९ आणि २२ हे दोन आकडे हातात नसते, तर एबीएल आणि फिलाडेल्फिया गुणसूत्राचा संबंध जोडायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. 'कारण की परिणाम' या जुन्या वादाचा निकालही इथेच लागला. १९९० मध्ये हा जोडजनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातल्यावर त्यांना सीएमएलसारखाच आजार झाला.

राउली तोवर थांबल्या नव्हत्या. १९७७ मध्ये त्यांनी प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया या आणखी एका प्रकारात १५ आणि १७ यांची अदलाबदल दाखवली. केमोथेरपी घेतल्यानंतर काही वर्षांनी होणाऱ्या ल्युकेमियात पाचवं आणि सातवं गुणसूत्र वारंवार हरवतं, हेही त्यांच्याच गटाचं काम. रक्तविकारतज्ज्ञांना पटवत फिरणं हा या वर्षांतला मोठा उद्योग होता, कारण 'गुणसूत्रं बघून आम्हाला उपचारात काय फरक पडणार' हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर अजून कुणाकडेच नव्हतं.

गोळी

उत्तर २००१ मध्ये मिळालं. ओरेगॉनचे ब्रायन ड्रकर आणि औषध कंपनीतले निकोलस लायडन यांनी बीसीआर-एबीएल प्रथिनाला अडवणारा रेणू पुढे नेला. १९९८ मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी पूर्ववत झाल्या. १० मे २००१ ला अमेरिकेत या रेणूला, म्हणजे इमॅटिनिबला, मान्यता मिळाली. त्यापूर्वी सीएमएलच्या रुग्णापुढे हायड्रॉक्सियुरिया, इंटरफेरॉन किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण एवढेच रस्ते होते, आणि प्रत्यारोपणाला जुळणारा दाता मिळणं नशिबाचं. इमॅटिनिबच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनीही सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते.

२०१२ चा जपान पुरस्कार राउली, ड्रकर आणि लायडन या तिघांना मिळून दिला गेला. त्याआधी वैद्यकीय संशोधनासाठीचा १९९८ चा लास्कर पुरस्कार नॉवेल आणि कॅन्सरच्या जनुकांचे अभ्यासक आल्फ्रेड नडसन यांच्यासोबत. नॉवेल यांचे साथीदार हंगरफर्ड तोवर वारले होते. बक्षिसांच्या यादीतून त्यांचं नाव निसटलं ते निसटलंच.

इथे हे प्रकरण मुंबईत पोचतं. इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च भारतात तेव्हा महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनीने अनेक रुग्णांना आपल्या योजनेतून गोळ्या मोफत दिल्या, हेही खरं. पण औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर तिने पेटंट मागितलं, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)चा आधार घेत कंपनीची मागणी फेटाळली. माहीत असलेल्या औषधाचं नुसतं नवं रूप, गुण वाढल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही असं हे कलम सांगतं. गोळी जन्मभर घ्यावी लागण्याची शक्यता असते आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने बऱ्याच तरुण वयात गाठतो. त्यामुळे या निकालाचं वजन इथल्या ओपीडीत जास्त जाणवतं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला राउली अंडाशयाच्या कॅन्सरने गेल्या. वय ८८.

त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक अदलाबदलीचं असं गोळीत रूपांतर झालं, असं मात्र नाही. १५ आणि १७ च्या आजारात तर क्रम उलटा होता: शांघायमध्ये वांग झेन्यी यांच्या गटाने रेटिनॉइक ॲसिड देऊन रुग्ण बरे केले, १९८८ मध्ये ते जाहीर केलं, आणि त्याच अदलाबदलीत रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर, म्हणजे ते ज्याला जाऊन चिकटतं ते प्रथिन, मोडलेला असतो हे १९९० मध्ये कळलं. आणि ८ व २१, म्हणजे १९७२ मधलं त्यांचं पहिलं यश? त्यातले दोन्ही जनुक सापडले, जोडप्रथिन काय बिघडवतं तेही कळलं, पण त्या प्रथिनाला थेट अडवणारी गोळी अजून नाही. ते प्रथिन कायनेज नाही. डीएनएला चिकटून इतर जनुकांची उघडझाप ठरवणाऱ्या प्रथिनाचं ते बिघडलेलं रूप आहे, आणि अशा प्रथिनात औषध बसवायला सोयीची खाच सापडणं कठीण. या रुग्णांना आजही मुख्यतः सायटाराबिन हे केमोथेरपीचं औषधच देतात, मोठ्या मात्रेत. त्याने बरेच जण बरे होतात, आणि गुणसूत्रांच्या अहवालात ८ आणि २१ दिसले तर प्रत्यारोपणाची घाई करायची नाही, एवढं डॉक्टरांना त्या ओळीवरून ठरवता येतं.